जपानच्या शेवया आणि आमचे संचालक

साखर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते अंगावर येऊन पडतात. त्यात दुष्काळाचं वर्ष असलं की विचारूच नका! ऊस नाही, गाळप बंद, म्हणजे संचालक मोकळे. आणि मोकळा संचालक काय करील याचा नेम नाही. मी तिथं शेती अधिकारी होतो, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

*

त्या वर्षी पाणी बचतीचा अभ्यासदौरा ठरला. मी म्हणालो, “इस्रायलला जाऊ, तिथलं ठिबक बघू.”

आमचे चेअरमन अण्णा उखडले. “तिथं समदे कारखाने जाऊन आलेत. आपण उष्टं कशाला खायचं?”

म्हणून जपान!

*

निघताना धर्मापुरीच्या सभासद गयाबाईनं मला गेटवर गाठलं. तिची मोसंबीची बाग वाळत चालली होती, टँकर पुरत नव्हता.

“भाऊ, तिथल्या शान्या मानसाला येवढंच इचारा. निम्मी झाडं तोडून निम्मी जगवू, का समदीच तोडू?”

दौऱ्यात कामाचा प्रश्न हा एकच होता. बाकी सगळे खरेदीचे.

*

जपानमधल्या एका गावात तळ्यावर एक म्हातारा इंजिनिअर आम्हाला दुपारी भेटणार होता. त्याआधी जेवण. माशाचा वास नको म्हणून स्टेशनसमोरच्या छोट्या इटालियन हॉटेलात शिरलो. नवरा रांधायचा, बायको वाढायची. जागा मोठी निवांत.

बाई दर घोटाला पाण्याचा ग्लास भरायची. धारूरचे संचालक बप्पा यांनी सवयीप्रमाणे ताटलीतच हात धुतले. बाई घाबरली, ताटली खराब निघाली समजून दुसरी घेऊन आली. बप्पांनी तिच्यातही हात धुतले!

“लई सेवा हाय बे ह्यांची!” ते मला म्हणाले. त्यांच्याच गावात तेव्हा बाया घागरी घेऊन टँकरमागं पळत होत्या. मला त्यांची शिसारी आली.

*

मग स्पगेटी आली. अण्णांनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “शेवयात गूळ न्हाई, दूध न्हाई!”

त्यांनी साखर मागवली आणि सगळ्या शेवयांवर ओतली. मालक आतून येऊन दारात उभा राहिला. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मी म्हणालो, “अण्णा, लोक बघायलेत.”

“बघू द्या. साखर कारखान्याचा चेअरमन साखर मागायला लाजंल व्हय?”

*

मी सारखा घड्याळ दाखवत होतो. अण्णांनी दुसऱ्यांदा शेवया मागवल्या, बप्पा बसल्या जागी घोरू लागले. शेवटी तळ्यावरून फोन आला, म्हातारा वाट बघून घरी गेला होता. मला गयाबाई आठवली आणि डोकंच फिरलं.

अण्णांना वेगळीच चिंता. त्याच्यासाठी आणलेली शाल आणि फेटा! “सत्काराची शाल माघारी नेत न्हाईत. अपशकुन आसतो.”

म्हणून स्वयंपाक्याचा सत्कार झाला! ॲप्रनवर शाल, डोक्याला फेटा. तो वाकायचा, अण्णा त्याहून जास्त वाकायचे. फोटो निघाले.

*

वार्षिक सभेत स्टेजमागं तोच फोटो, भला मोठा. खाली लिहिलेलं, ‘जपानी जलतज्ज्ञांशी सखोल चर्चा’.

गयाबाई उठली. “अण्णा, ह्या पाव्हन्यानं माझ्या बागंचं काय सांगितलं?”

अण्णांनी माईक माझ्या हातात दिला. “सांगा सायेब, काय म्हनले ते!”

फोटोतला स्वयंपाकी निरोप देताना जे म्हणाला होता, तेच मी सांगितलं. “ते म्हणाले, इतका वेळ एका जागी बसलेली माणसं मी आजवर बघितली नाहीत.”

अण्णांनी माईक ओढून घेतला. “ऐकलं का? आपल्या चिकाटीला मानतंय जपान!”

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत गयाबाई उभीच होती.

“मंग समदीच तोडते, अण्णा.”

“तोडा,” अण्णा म्हणाले, “पर आधी च्या घेऊन जावा.”