गोणपाटावरची वेबसाइट

मंगरूळपीरला, झेरॉक्सच्या एका दुकानाच्या माडीवर रंजीता वेबसाइटी बनवते. बनवते म्हणजे माऊसनं चौकटी ओढते आणि पडद्यावर हव्या तिथे सोडते. त्यामागचा कोड बिल्डर नावाची ऑनलाइन सोय आपला आपण लिहून देते. यावरून कुणी तिला ‘ओढाओढ करणारी इंजिनिअर’ म्हटलं की ती हसते आणि काम कधी पुरं करून देईन त्याची तारीख सांगते. सांगितलेली तारीख चुकवत नाही. स्वतःच्या कामाबद्दल तिला सहसा शंका नसते, आणि नसलेली शंका उगाच दाखवायची सवयही नाही.

मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यातल्या बायकांची वेबसाइट तिनंच केली. बायका कवड्या आणि काचा लावून भरतकाम करतात, ते त्यावर विकलं जातं. प्रत्येक फोटोखाली काम करणारीचं नाव आणि त्या नक्षीबद्दल तिनं सांगितलेले चार शब्द. सगळ्यात जास्त शब्द हेमलाबाईचे. तांड्यातली सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात फटकळ बाई. आता तिला दिसत नाही. तिचं काम कधीच लांबलांबच्या गावी विकलं गेलंय. इथे उरलेत फक्त फोटो आणि शब्द. ते गेले तर पुन्हा होणे नाही.

या बायकांच्या गटाचा व्यवहार धनराज पाहतो. माणूस उमदा, पण हात शिवशिवणारा. एकदा एका नावातली चूक सुधारायला गेला आणि अख्खं पान ओढून कचऱ्यात टाकून बसला. ते पुन्हा उभं करताना रंजीताला जो घाम फुटला, त्यानंतर तिनं कायमचा बंदोबस्त केला. वेबसाइटवर काहीही बदललं की तिचा कोड आपोआप बिल्डरमधून निघतो आणि गिट नावाच्या ऑनलाइन कोठारात जाऊन जमा होतो. गिटमध्ये नवं आलं म्हणून जुनं पुसलं जात नाही. मागची प्रत्येक आवृत्ती तारखेनिशी तिथेच राहते. धनराजनं पुढे आणखी दोनदा पराक्रम केले, आणि दोन्ही वेळा जुना कोड समोर ठेवून तिनं पान होतं तसं केलं. तांड्यात तिचा शब्द चालायला लागला तो तेव्हापासून.

यंदा मे महिन्यात बिल्डरच्या कंपनीनं कळवलं की सेवा बंद होतेय, आपापलं सामान न्या आणि खातं मिटवा.

“मिटवून टाक ना आजच,” धनराज म्हणाला. “सारं गिटमंदी हाय, तूच तं सांगतलं.”

“हाय,” रंजीता म्हणाली. “उद्या मिटवतो.”

संध्याकाळी घरी आली तर आई नानीबाई अंगणात ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे ओळीनं मांडत होती. पेरणीआधीचं हे तिचं दरवर्षीचं काम. दाणे गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून मोड किती आले ते पाहायचं.

“आपल्याच वावरातलं बी हाय,” बाप प्रेमसिंग बाजेवरून म्हणाला. “म्या सोता वाळवलं, सोता पोत्यात भरलं. कायले तपासून राह्यली?”

“भरलं ते दिसलं मले,” नानीबाई मान वर न करता म्हणाली. “उगवते का ते पाहून राह्यली.”

रंजीता पायातली चप्पल न काढता तशीच उभी राहिली. तिनंही पोतं भरलं होतं. बिल्डर नसताना त्यातून वेबसाइट उभी राहते का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी तिनं गिटमधला कोड एका कोऱ्या जागी उघडला. पान आलं. रंग आले, चौकटी आल्या, बटणं आली. चौकटींत मात्र काहीच नव्हतं. बायकांची नावं, फोटो, हेमलाबाईचे शब्द, हे सगळं बिल्डर वेगळ्या यादीत ठेवत होता, आणि ती यादी कोडबरोबर कधी बाहेर पडलीच नव्हती. धनराजच्या पराक्रमांच्या वेळी ती बिल्डरमध्ये शाबूत होती, म्हणून हे कधी लक्षात आलं नव्हतं. घर आलं होतं, माणसं मागे राहिली होती. रंजीतानं फोन उचलला.

“धनराजभाऊ, चूक माही हाय. खातं उघडं राहू दे, आन् हात लावू नको.”

धनराजनं खरंच हात लावला नाही.

तिनं बंदोबस्तात भर घातली. आता कोडबरोबर यादी निघेल, फोटोही निघतील. पुन्हा कोरी जागा, पुन्हा उघडून पाहणं. एकेक नाव, एकेक फोटो तिनं जुन्याशी ताडून पाहिला. सगळं उगवलं होतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन ती हेमलाबाईच्या दारात बसली. बायका जमल्या. सगळ्यांसमोर तिनं बिल्डरचं खातं स्वतःच्या हातानं मिटवलं.

“सांग हेमलाबाई, कोणतं काढू?”

“माह्या लग्नातली कांचळी.”

नव्या जागेवर काचा लावलेल्या त्या चोळीचा फोटो उघडला, आणि रंजीतानं खालचे शब्द मोठ्यानं वाचले. “या काचा म्या दिवसाच लावल्या. रातच्याले सासू दिवा लावू देत नव्हती.”

ऐकून हेमलाबाई म्हणाली, “म्याच बोलली होती. पण खोटं हाय ते. दिवा लावू देत होती बिचारी. म्या रागात सांगतलं. बदल.”

“बदलतो. पण जुनं बी राहीन आत.”

“राहू दे,” हेमलाबाई म्हणाली. “राग बी खराच होता.”

रंजीतानं तिथंच बसून नवे शब्द लिहिले. ते गिटमध्ये पोचले की नाही ते उघडून पाहिलं, आणि मगच लॅपटॉप मिटला.