तिसऱ्या शिटीची ओळ

पनवेल व पंचक्रोशीतील समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जगातल्या सगळ्या गोंधळाचं मूळ एकट्या माझ्या साडूंना सापडलं आहे: जो तो आपलं काम सोडून पुढच्याच्या कामात नाक खुपसतो.

साडू आणि मी मिळून लोकांना वेबसाइट करून देतो. साडूंचा नियम असा, की बुकिंगच्या अ‍ॅपने बुकिंग घ्यावं, ‘बुकिंग झालं हो’ अशी हाळी द्यावी आणि गप्प बसावं. हाळी ऐकून कोणी काय करायचं, ते प्रत्येक वेबसाइटच्या ‘पडसाद’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायचं. म्हणजे तेच अ‍ॅप उचलून कुठेही लावता येतं. एकदा घाईत मी हा नियम मोडला. कर्नाळ्याकडच्या एका मंगल कार्यालयाचा मेसेज अ‍ॅपच्याच पोटात लिहिला आणि पुढे तेच अ‍ॅप दातांच्या एका डॉक्टरांना लावलं. दाढ काढायला नंबर लावणाऱ्या करंजाच्या एका मावशींना मेसेज गेला, ‘शुभमंगल! वरातीला घोडी हवी का?’ मावशींनी फोन करून शांतपणे कळवलं, "घोडी नको, आमी रिक्षानं येतो." ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून साडूंनी माझ्या टेबलासमोर चिकटवलं. अजून आहे.

साडूंच्या घरीही तेच. फ्रिजवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला ‘पडसाद’ कागद. बेल वाजली: मी. दूध उतू चाललं: ही. कुकरची तिसरी शिटी: लेक. बेलने फक्त वाजावं, दार कोण उघडणार ही बेलची चिंता नव्हे, हे ते पाहुण्यांना उंबऱ्याबाहेरच समजावतात. माणूस बदलला तर एक ओळ पुसायची, बेलला हात लावायचा नाही, ही या पद्धतीची थोरवी मी त्यांच्याकडे प्रत्येक जेवणात भाताबरोबर गिळली आहे.

दोन महिन्यांपूर्वी लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली. तेव्हापासून त्या घरात वरणाचा लगदा होतो. मेहुणी गॅस बंद करायला उठत नाही. शिटीच्या ओळीत आपलं नाव नाही, म्हणते. साडूंना ओळ पुसवत नाही.

परवा रविवारी आम्ही तिथे जेवायला होतो. तिसरी शिटी झाली. चौथीला मेहुणीने साडूंपुढे खोडरबर ठेवलं.

"एकच ओळ पुसायची ना? तुम्हीच सांगता जगाला."

साडू उठले, फ्रिजपर्यंत गेले आणि लेकीच्या नावापुढे उभे राहिले. पाचवी झाली. सहावीही झाली. मग खोडरबर खिशात टाकून त्यांनी गॅस बंद केला आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलून गेले,

"ओळ तिचीच आहे. मी बदलीवर आलोय."