खिडकीखालची बाज

आमचं घर कनेरगाव नाक्याजवळ, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागूनच. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांनी बाज पुढच्या खोलीतच, खिडकीखाली टाकायला लावली. गाड्या बघत पडायचे, एखादी नीट दिसली नाही की कोणती गेली ते मला विचारायचे. मी अंगणवाडीचं काम सांभाळून त्यांचं करत होते.

मग गावातल्या पोरांनी बुलेटचे सायलेन्सर बदलले. घरासमोर आले की मुद्दाम फटाक्यासारखे आवाज काढत जायचे. त्यात ट्रकांचे प्रेशर हॉर्न. प्रत्येक आवाजाला बाबांचं अंग आकसायचं, तोंडातला घास बाहेर पडायचा आणि नंतर बराच वेळ ते थरथरत राहायचे. डॉक्टर म्हणाले, "यांना दचकू देऊ नका, बीपी चढतं."

मी नाक्यावरच्या गॅरेजात गेले. मिस्त्री ओळखीचा होता.

"हे सायलेन्सर तूच बसवतोस ना?"

"गिऱ्हाईक मागतंय, ताई. मी न्हाई बसवलं तर वाशिमला जाऊन बसवतील."

"बाबा दचकून राहिले रे."

तो हात पुसत म्हणाला, "काकांना मागच्या खोलीत न्हाई का ठेवता येत?"

तिथून मी पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली. काही दिवसांनी नाक्यावर गाड्या अडवल्या गेल्या. काढून घेतलेल्या सायलेन्सरवर हिंगोलीत रोलर फिरवला. पेपरातला फोटो मी बाबांपुढे धरला. त्यांनी तो नीट पाहिला.

"बराबर केलं," ते म्हणाले. तेव्हा त्यांचे शब्द अडखळत का होईना, कळायचे. त्या आठवड्यात ते डाव्या हाताने स्वतः जेवले.

पोरांनी दंड भरला, कंपनीचे सायलेन्सर लावून गाड्या सोडवल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तसलेच बसवले. लग्नसराईत एका दुपारी वरात आमच्या दारापुढे थांबली. नवरदेवापुढे बुलेट उभ्या करून पोरं जागेवरच रेस देत होती. मी बाहेर जाऊन हात जोडले. कोणाला ऐकूच गेलं नाही. परत आले तर बाबा बाजेवरून खाली पडलेले, कपाळातून रक्त येत होतं.

मी त्यांना उचलून बसवलं. ते म्हणाले, "मला मागं ने."

"बाबा, तिथं खिडकी न्हाई."

"ने म्हणलं ना."

मागच्या खोलीत सोयाबीनची पोती होती. ती एका बाजूला सारून बाज टाकली. दिवसाही बल्ब लावावा लागायचा. आवाज तिथंही यायचा, पण दबून. बाबांचं दचकणं कमी झालं, तसं बोलणंही. कोणती गाडी गेली, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

सोयाबीन काढणीच्या आधी ते गेले. ओट्यावर माणसं जमली होती. माती कधी द्यायची, हे बाहेरगावाहून आलेला माझा भाऊ सांगत होता. तेवढ्यात रस्त्यावरून एक बुलेट गेली. भाऊ थांबला, आवाज पार लांब जाईपर्यंत खाली मान घालून उभा राहिला आणि मग पुन्हा सांगू लागला.