भास्कर गाडीवानाचं टपाल

सूर्यभान माळी अमरावतीच्या कडेच्या एका मळ्यातला. वांगी, मेथी, झेंडू आणि मोट, एवढंच त्याचं जग. पण सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडीचे रूळ अजून अकोल्यापर्यंत पोचले नव्हते, त्यामुळे रुळाच्या टोकापर्यंत माल न्यायला गाड्याच हव्या. दारात बैलजोडी असलेला माणूस रातोरात राजा झाला. सूर्यभानाच्या पायाला आधीच भिंगरी. मोटेमागं चालून चालून कंटाळलेलाच होता, दसऱ्याचं सोनं वाटलं आणि हा निघाला.

त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, तेव्हा सातवा लागला होता. घरात दुसरं माणूस नाही. तिनं एकच विचारलं.

"कळवायचं झालं त कुठं कळवू? तुमचं घर त आता चाकावर."

"अकोल्याच्या टपालात चिठ्ठी धाड. कुठंबी असलो तरी खेप झाली का अकोल्यालेच येतो मी. अन् आयक, लेकराचं नाव मी ठेवीन. माह्यं उत्तर आल्याबिगर बारसं करू नको."

नाव ठेवण्याचा मान खरा आत्याचा. पण सूर्यभानाला बहीण नव्हती, तेव्हा तो मान त्यानं स्वतःकडेच घेऊन टाकला. रुख्मिणीनं मान हलवली. नवऱ्याचा शब्द तिच्यासाठी शेवटचा असे, हीच तर पंचाईत.

कापसाच्या गठाणी भरायच्या, रुळाच्या टोकाला उतरवायच्या, रिकामी गाडी अकोल्याला आणायची, की पुन्हा भरायची. घरी एक चक्कर मारावी असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी कोणीतरी वाढीव भाडं बोलायचं. ही एकच खेप, असं म्हणत संक्रांत गेली. जीव मात्र कुठं लागत नव्हता. बैल पाणी पीत असले तरी हा उभ्या उभ्या चाकाला लाथ मारायचा, झोपला तर दहादा कूस बदलायचा. रुख्मिणीचे दिवस भरून गेले होते. अकोल्याला आला की बैल सोडायच्या आधी हा टपालकचेरीच्या ओट्यावर हजर.

तिथले कारकून केशवराव गाडीवानांसाठी पाकिटांवरची नावं मोठ्यानं वाचत, कारण वाचता येणारा त्यांच्यात औषधालाही नव्हता. सूर्यभानाचं नाव काही निघत नसे. एकदा मात्र त्यांनी हळदकुंकू लावलेली चिठ्ठी वर धरली.

"भास्कर गाडीवान! आहे का कोणी भास्कर?"

कोणी हललं नाही.

"नशीबवान हाय लेकाचा," सूर्यभान आपल्या जोडीच्या पुंजारामला म्हणाला. "घरी आनंद झाला अन् यालेच पत्ता नाही. आपल्याले त कोणी इचारत बी नाही."

पुढच्या खेपेला ती चिठ्ठी तिथंच होती. सूर्यभानाला त्या भास्करचा हेवा वाटायला लागला, मग राग यायला लागला. त्याहून जास्त राग रुख्मिणीचा आला. माझ्या लेकराची खबर द्यायला हिला एक दिवस सापडत नाही?

शिमग्याच्या आसपास केशवरावांनी भास्करची दुसरी चिठ्ठी काढली. ती त्यांनी दोन बोटांत, अंगापासून लांब धरली होती. तिचा कोपरा फाडलेला होता. फाडलेला कोपरा म्हणजे कोणीतरी गेलं, हे सांगायला अक्षर लागत नाही.

"कसा हरामखोर माणूस असन!" सूर्यभान ओरडलाच. "घरचं माणूस मेलं अन् हा पैशापायी बोंबलत फिरून राहिला. असा बाप असल्यापरीस नसलेला बरा."

आणि नवी खेप भरून तो बाळापूरच्या वाटेला लागला.

बाळापूरला दुपारी बैल सोडत, तिथं पार्वताबाई गाडीवानांना झुणका-भाकर करून घाली. त्या दिवशी नाक्यावरचा नवा शिपाई दुकानाच्या मालकाचं नाव विचारायला आला. पार्वताबाईनं पदर सावरला.

"मी कशी घेऊ त्यायचं नाव? सुखात असला का माणूस जसा रायते, तेच."

"आनंदराव," असं म्हणून शिपाई निघालासुद्धा.

गाडीवान पोट धरून हसले. मागच्या अंगाला लाकडं फोडणारा तिचा नवरा ओरडला, "अरे आनंदराव नाही बाप्पा, खुशालराव!"

सूर्यभानही हसला. हसता हसता घास तोंडातच राहिला.

कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की रुख्मिणी वर, सूर्याकडे बोट दाखवायची. मळ्यातल्या लोकांना ते पुरायचं. पण चिठ्ठी लिहायची तर तिला अमरावतीच्या बाजारात, पाटावर बसलेल्या कोण्या अनोळखी लिहिणाऱ्याकडे जावं लागणार. तो शिकलेला गृहस्थ. त्यानं वर पाहिलं असेल आणि मोठ्या झोकात लिहिलं असेल: भास्कर.

"पुंजाराम, माह्यी जोडी तुह्या गाडीमागं चालू दे."

"काहून? तू कुठं चालला?"

"माह्यी चिठ्ठी हाय अकोल्याले," तो म्हणाला आणि उन्हात चालायला लागला. चालणं कसलं, पळणंच ते.

वाटेत डोकं सैरभैर झालं होतं. कोण गेलं? रुख्मिणी? नाही. तिच्याशिवाय कोणीही चिठ्ठी सांगितली असती तर सरळ सूर्यभान म्हटलं असतं. दोन्ही चिठ्ठ्यांवर भास्करच होता, म्हणजे दोन्ही तिनंच सांगितल्या. ती जिवंत आहे! त्याला इतका आनंद झाला की तो रस्त्यात मोठ्यानं हसला. आणि मग घरात उरलं कोण, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण हसलो याची त्याला भयंकर लाज वाटली.

केशवराव कचेरी बंद करायच्या बेतात होते.

"भास्करच्या चिठ्ठ्या द्या. मीच हाव भास्कर."

"तू? परवा तूच तर त्याला शिव्या घालत होतास."

सूर्यभानानं कसंबसं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता केशवरावांनी कुलूप बाजूला ठेवलं. हळदकुंकवाची चिठ्ठी त्यांनी आधी फोडली.

"पोरगी झाली. नाक तुमचं हाय. सव्वा महिना झाल्यावर मी स्वता बाजारात येऊन हे सांगून राहिली. बारसं थांबवून ठेवलं हाय. नाव लवकर धाडा."

दुसरी त्यांनी हलक्या आवाजात वाचली.

"पोरगी तापानं गेली. तुमचं नाव आलं नाही, म्हून बिनानावाचीच गेली. बाया रडाले आल्या त इचारे, काय नाव घेऊन रडावं? मी बी नुसतं बाई वो बाई करून रडली. तुमी मनात जे नाव धरलं असन ते आता तरी धाडा. मले तिले हाक मारून रडाचं हाय."

सूर्यभान ओट्यावर बसला. केशवरावांनी कागद पुढे ओढून टाक शाईत बुडवला.

"सांग, काय नाव लिहू?"

सूर्यभानानं तोंड उघडलं. दसऱ्यापासून बैलांच्या मागं बसून त्यानं नावंच तर जमवली होती, एकापेक्षा एक, ऐटदार. ती सगळी पोरग्याची होती.