तब्येत उतरली

आमच्याकडे माणूस बारीक होत नाही, त्याची तब्येत उतरते. जाडही होत नाही, तब्येत बनते. वजन आणि प्रकृती या दोन गोष्टींसाठी आमच्या वर्धेकडच्या माणसांनी मिळून एकच शब्द ठेवला आहे, आणि तो शब्द कायम वजनाची बाजू घेतो. या शब्दाने माझी जी वाट लावली ती कुठल्या दुष्मनालाही लावता आली नसती. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं फिरतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्यात एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची गाठ काट्यावर चढायची, मी आकडा मोठ्याने सांगायचा, हमालांनी गाठ उतरवायची, की पुढची गाठ. वीस वर्षं दुसऱ्यांची वजनं ओरडून सांगताना स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. मग माझा मोठा भाऊ गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. सकाळी चहा पिऊन अंगणात उभा होता, छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. अंगाने तो अगदी माझ्यासारखा, भरलेला. मयतीला आलेले लोक एकमेकांना विचारत होते, "एवढी चांगली तब्येत होती, अन् असं कसं झालं जी?" कोणालाही या वाक्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नाही.

भावाची तेरवी झाली आणि बायकोने मला धरून दवाखान्यात नेलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा, वजन ब्याऐंशी किलो, रक्तदाब वाढलेला. डॉक्टर पुण्याकडचे होते, सरळ बोलणारे. ते म्हणाले, "भावाच्या वयाच्या पुढे जायचं असेल तर दहा किलो कमी करा. आणि कमीच ठेवा. उतरवणारे माझ्याकडे पुष्कळ येतात, टिकवणारा अजून आलेला नाही."

मी मनाशी म्हटलं, मी येऊन दाखवतो.

दोन भाकरींची एक केली. भाजीवरची तर्री ताटाच्या कडेला निथळू द्यायची. शेतावर गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण असलं की मी न जायला बहाणे शोधायचो, कारण तुपातला एक रोडगा खाऊन हात धुवायला उठलेला माणूस आमच्याकडे एक तर रुसलेला असतो किंवा आजारी. "एकच? काऊन जी, आमचं काई चुकलं काय?" असं विचारणाऱ्या यजमानाचा चेहरा बघून मी दोनदा परत पाटावर बसलो आहे. अशा वेळी मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

खाण्यापेक्षा चालण्याचा ताप मोठा होता. मी बोरगाव मेघेच्या घरून पहाटे उजाडता उजाडता निघायचो आणि पार नालवाडीपर्यंत जाऊन यायचो. आता हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा मोठा माणूस कामाशिवाय रस्त्याने चालत नसे. सायकलवाला थांबायचा, "पंक्चर झाली काय? बसा मांगं." बंडीवाला बैल आवरायचा, "या, बसा काका, मी तिकडूनच जाऊन राह्यलो." मी म्हणायचो, फिरायला निघालोय. "फिरायले? कुठं?" कुठंच नाही म्हटलं की तो काळजीने बघायचा. एक-दोघांनी तर आग्रहाने बसवून मला परत घरी आणून सोडलं. उपकार म्हणून.

यावर मी एक अक्कल लढवली. दुधाची रिकामी किटली हातात घेऊन निघू लागलो. दुधाला चाललेल्या माणसाला कोणी अडवत नाही. पंधरा दिवस मजेत गेले. मग एका सकाळी आमच्याच आळीतला एक गृहस्थ आडवा आला. "दूध तं आपल्या आळीतही भेटते. इतक्या दूर काऊन जाता?" मी घामाघूम झालो होतो, वैतागलो होतो, तोंडात येईल ते बोलून गेलो, "बकरीचं आहे."

तो "हो काय" म्हणाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सांभाळा तब्येत." मी पुढे निघालो. काय करून बसलो याचा मला पत्ताही नव्हता.

इकडे जिनिंगमध्ये दर शनिवारी शेवटची गाठ उतरली की मी काट्यावर चढायचो. म्हातारा हमाल माझ्याच आवाजाची नक्कल करत ओरडायचा, "एक गाठ, बारदान्यासकट!" आणि सगळे हसायचे. ब्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले, अठ्ठ्याहत्तरचे पंच्याहत्तर. पाच महिन्यांनी मी एकाहत्तरवर आलो. काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं. गुडघा दुखायचा थांबला. खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करताना श्वास लागत नव्हता. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा तपासला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी खरंच आनंदात होतो, आणि हे जगात मी आणि डॉक्टर अशा दोघांनाच माहीत होतं.

बाकी सगळ्यांच्या मते मी चाललो होतो. "तब्येत काऊन उतरली जी?" बाजारात, पाणवठ्यावर, सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात तेच. मी उतरवली, मुद्दाम उतरवली, डॉक्टरने सांगितलं म्हणून उतरवली, असं सांगायचो. "डॉक्टरनं? म्हणजे हाय तं काईतरी." शेजारी संत्री घेऊन बघायला येऊ लागले. घरात संत्र्यांची टोपली, आणि मी समोर खुर्चीत ठणठणीत. बायको एक दिवस चुलीपुढे बसून रडली. "लोक म्हणतात मी तुमाले उपाशी ठेवते."

त्याच दिवसांत थोरल्या मुलीची सोयरीक चालू होती. नाचणगावचं शेतीवाडीचं घर, मुलगा पुलगावला नोकरीवर. मुलीला मुलगा आवडला होता. ती तसं बोलली नव्हती, पण त्यांच्याकडून पत्र आलं का हे दिवसातून तीनदा आईला विचारत होती. पत्र येईना. शेवटी एका दुपारी, मुलगी घरी नसताना, सोयरीक जुळवणारे बायकोचे मामा आले. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जवाईबापू, खरं सांगा. तुमाले टीबी हाय काय?"

मला आधी हसू आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. नाचणगावच्या लोकांनी आळीत चौकशी केली होती. मुलीचा बाप वाळत चालला आहे आणि रोज पहाटे नालवाडीहून बकरीचं दूध आणतो, हे त्यांना कळलं होतं. बकरीचं दूध कोण पितं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. क्षयाच्या घरची मुलगी कोण करील?

मी तडक दवाखान्यात गेलो, छातीचा फोटो काढला, छाती साफ असल्याचं डॉक्टरांकडून लिहून आणलं आणि कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"कागद कोण वाचते, जवाईबापू? लोक गाल पाह्यतात. ते हिवाळ्यात पुन्हा येतो म्हणतात. तवापर्यंत तब्येत बनवा."

त्या रात्री मी जेवलो नाही, ते शेवटचं. दुसऱ्या दिवसापासून बायकोने डिंकाचे लाडू वळले. किटली माळ्यावर गेली. पुरणपोळी तुपात बुडून येऊ लागली आणि मी ती मान खाली घालून खाऊ लागलो. औषध कडू असतं म्हणतात; माझं गोड होतं आणि घशाखाली उतरत नव्हतं. डॉक्टरांकडे जायला तोंड नव्हतं, म्हणून गेलोच नाही. शनिवारी काट्यावर चढणंही बंद केलं. म्हातारा हमाल दोन शनिवार काट्यापाशी थांबला, मग तोही शेवटची गाठ उतरवून घरी जाऊ लागला.

हिवाळ्यात नाचणगावचे लोक आले. मुलीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्याकडे तासभर. होणाऱ्या व्याह्याने निघताना माझा दंड दाबून पाहिला, बाजारात बैल बघतात तसा, आणि खूश होऊन म्हणाला, "आता कशी तब्येत बनली!" लग्न झालं. मुलगी सुखात गेली. वजन मात्र गेलं नाही. पुढे कितीदा तरी सुरुवात केली. तीन किलो उतरले की कोणाचं बारसं, कोणाची तेरवी, आणि वय झाल्यावर अंगही पहिल्यासारखं ऐकत नाही. सत्तेचाळिसावं वर्ष मी रोज सकाळी अंगणाकडे न बघता काढलं. ते निघून गेलं, हे माझं नशीब. त्यात माझी कर्तबगारी काहीच नव्हती.

लग्नाला चार-पाच वर्षं झाल्यावर एकदा मुलगी दिवाळीला आली. फाटकातून आत येताना मी तिला पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तब्येत काऊन उतरली तुही?" शब्द बाहेर पडले आणि मीच चपापलो.

ती हसली. "उतरवली बाबा. बाळंतपणानंतर लय वाढली होती. सकाळी फिरते मी, पोराच्या बाबासोबत. तुमचंच पाहून शिकली. फक्त तुमच्यानं टिकलं नाई, पाच महिन्यांत सोडलं. मी नाई सोडत."

बायकोने पदर सावरला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मुलीला सांगून काय करायचं होतं? तिच्या लग्नासाठी सोडलं म्हणून? आळशी बाप तिला परवडला असता, तिच्यासाठी वजन वाढवून घेतलेला बाप नाही. पण मला लागलं. फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवलं. "चला, नालवाडीपर्यंत." आम्ही निघालो. ती पुढे, झपझप, मी मागे. अर्ध्या वाटेत आळीतला तोच गृहस्थ सायकलवरून समोरून आला, थांबला, तिच्याकडे बघून त्याने माझ्या कानाशी विचारलं, "पोरीची तब्येत काऊन उतरली? सासरी बरं हाय ना?"

मी भर रस्त्यात ओरडलो, "तिची तब्येत उतरली नाही! वजन उतरलंय! तब्येत एकदम चांगली आहे तिची!" सहा वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य होतं ते.

तो दचकला. मग त्याला बरं वाटलं असावं. सायकलवर टांग टाकता टाकता माझ्याकडे वरून खाली पाहत म्हणाला, "तुमची तं मस्तच बनली हाय जी. अशीच ठेवजा."

त्याला सुनवायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण मला दम लागला होता.