साहेबांच्या आईची उलटी फेरी

मोठीआईचा नवरा कचेरीत पट्टेवाला होता. आतल्या गोऱ्या साहेबाने घंटी वाजवली की दार उघडायचं, सलाम करायचा, दार लावायचं, यातच त्या माणसाची उभी हयात गेली. सवय अशी अंगात मुरलेली, की घरी जेवताना मुलाने पाणी मागितलं तरी तो 'जी' म्हणून उठायचा. मोठीआई वरवर हसायची, पण आतून तिचा जीव जळायचा. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा तिने त्याला बजावून ठेवलं, "तू कुणापुढे हात जोडायचे नाहीत. लोकांनी तुझ्यापुढे जोडायचे."

मुलगा हुशार निघाला. परीक्षा पास होत होत बापाच्याच कचेरीत अधिकारी होऊन आला. बाप तोवर घरी बसला होता म्हणून बरं, नाहीतर लेकालाही सलाम ठोकून मोकळा झाला असता. मोठीआईची मान मात्र त्या दिवशी जी वर गेली ती खाली आलीच नाही. बाजारात भाजी घ्यायची तीसुद्धा भाजीकडे न बघता, नुसतं बोट दाखवून. एकदा काकडी म्हणून दुधी घेऊन आली, आणि चूक कबूल करण्यापेक्षा सगळ्या घराला तो कच्चा खायला लावला. "यंदाची काकडी अशीच येते," म्हणाली.

पुढे राज्य बदललं. गोरे साहेब सामान बांधून गेले. काही वर्षांनी मुलाने नोकरीचा राजीनामा दिला आणि निवडणुकीला उभा राहिला. बाहेर लोक म्हणायचे, वारा बघून शीड फिरवलं. मोठीआईला वाटलं, आणखी मोठी खुर्ची मिळत असेल तर वाईट काय?

मग एका सकाळी तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या लाँड्रीच्या दारात तिचा मुलगा हात जोडून उभा होता, आणि वाकला होता अगदी बापासारखा. तिने पडदा ओढून घेतला.

"भीक मागतोय का तो?" तिने सुनेला विचारलं.

"मत मागतायत, आई."

"मागतोय ना? मग झालं तर."

"सगळेच उमेदवार मागतात."

"सगळ्यांच्या आयांना लाज नसेल."

तिला आणखी एक सल होता. बाकीचे उमेदवार आई-वडिलांना पुढे घालून फिरत होते. हा मात्र तिला कुठे नेत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "तुझे गुडघे दुखतात." गुडघे तिचे ठणठणीत होते. तिने मनाशी पक्कं केलं, की पट्टेवाल्याची बायको चारचौघांत दाखवायची त्याला लाज वाटते.

तेव्हा तिने आपली वेगळी फेरी सुरू केली. मुलगा आज ज्या गल्लीत गेला, त्या गल्लीत ती दुसऱ्या दिवशी जायची. ठेवणीतलं पातळ नेसून, हातात छत्री घेऊन. पहिला नंबर लाँड्रीवाल्याचा लागला.

"काल आमचा मुलगा येऊन गेला. गैरसमज नको. त्याला कशाची कमी नाही. हात जोडले ते मनावर घेऊ नका."

लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "म्हणजे मत नको?"

"द्यायचं तर द्या. पण त्याला गरज आहे म्हणून नको."

"मग गरज असेल त्यालाच देतो की."

तिकडे मुलाचे कार्यकर्ते डोकं खाजवत होते. काल खुर्ची पुढे करणारी माणसं आज दारातूनच बोलतात, हा काय प्रकार आहे ते त्यांना उमगेना. घरातल्या म्हातारीवर संशय कोण घेणार?

अशीच एका सकाळी ती एका अंधाऱ्या जिन्याने एका बँडमास्तरांच्या खोलीत पोहोचली. दोरीवर बँडवाल्यांचे लाल कोट वाळत होते, कोपऱ्यात चामडं फाटलेला ढोल होता. मास्तर क्लॅरिनेट मनगटाने छातीशी दाबून फडक्याने पुसत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. तिने आपलं पाठ केलेलं बोलणं बोलून टाकलं.

मास्तरांनी शांतपणे ऐकलं. "हात जोडले ते मनावर घ्यायचं नाही?"

"नाही."

"बरं. आणि रडले ते?"

"कोण रडलं?"

"तुमचे साहेब. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर."

मास्तर सांगत गेले, आवाज न चढवता. गोऱ्यांच्या काळात मिरवणूक निघाली होती, पुढे यांचा बँड, आणि बंदी घातलेली चाल यांनी वाजवली. वरून हुकूम होता तो फक्त जमाव पांगवायचा. मास्तरांच्या बोटांवर छड्या मारायचं तिच्या मुलाने आपल्या मनाने ठरवलं, आणि व्हरांड्यात उभं राहून त्या शिपायाकडून मारवल्या. मास्तरांनी हात पुढे केले. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती.

"क्लॅरिनेटची भोकं झाकत नाहीत आता. हवा सुटते. म्हणून मी शिकवतो, वाजवत नाही."

मोठीआईला ते वर्ष लख्ख आठवलं. त्याच वर्षी मुलाला बढती मिळाली होती. तिने मिठाई वाटली होती. दारात बँड लावू या म्हणाली, तेव्हा मुलगा ताडकन म्हणाला होता, बँड नको. तिने त्याचा साधेपणा सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगितला होता. आता कानाच्या पाळ्यांपर्यंत तिचं तोंड तापलं.

"मत मागितलं त्याने?" तिने कसंबसं विचारलं.

"मताचा शब्दही काढला नाही. माफी मागितली. मला काही बोलायला सुचलं नाही. रात्रभर विचार केला, आणि सकाळी ठरवलं, जावं आणि सांगावं, झालं ते झालं. निघतच होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

तिला त्या खुर्चीवर बसवेना. उठली, हात जोडायला गेली, तर छत्री खाली पडली. "मास्तर, माझं बोलणं सोडून द्या. मला काही माहीत नव्हतं."

"काय काय सोडू, आई? कालचं सोडा हे तुम्हीच सांगता, आजचं सोडा हेही तुम्हीच."

मास्तरांनी वाकून छत्री उचलली, दोन्ही मनगटांत धरून तिला दिली. "जिना अंधारा आहे. कठड्याला धरून उतरा."

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढत होता.

"बँडमास्तरांकडे गेले होते," ती म्हणाली.

एक बूट त्याच्या हातात तसाच राहिला. "त्यांनी सांगितलं?"

"सांगितलं."

त्याने तो बूट खाली ठेवला. "तुला कळू नये म्हणूनच तुला बरोबर नेत नव्हतो."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"तुझी कशाला?"

खरं कठीण पुढेच होतं. मास्तर निघाले होते, आणि आपणच त्यांना दारात अडवलं, हे तिला सांगायचं होतं. आणि इतर गल्ल्यांचंही. ती भिंतीकडे बघत सांगत राहिली, लाँड्रीवाल्यापासून. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने काढलेला बूट पुन्हा पायात घातला आणि बाहेर पडला.

सून जेवण वाढून थांबली होती. तो परत आला तेव्हा मोठीआईने मान वर न करताच विचारलं, "काय म्हणाले मास्तर?"

"बसा म्हणाले. चहा दिला." तो तिच्या शेजारी जमिनीवरच बसला. "म्हणाले, विचार करतो. पुन्हा पहिल्यापासून."