हप्त्याच्या मीटिंगमधला फोन

बायकांचे गट करून त्यांना छोटी कर्जं देणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत मी मे महिन्यात इंटर्नशिप केली. कॉलेजला सर्टिफिकेट हवं होतं आणि मला डोंबिवलीतल्या घरातून बाहेर पडायचं होतं. काकांनी आधीच बजावलं होतं, "जपून गं, प्रार्थनाबिर्थना करायला लावतील." कुणी काही लावलं नाही. ठाण्यात खोपटच्या ऑफिसात सकाळी सगळे थोडा वेळ प्रार्थना करायचे, मी मागच्या खुर्चीवर नुसती बसायचे. कुणी आजारी असेल तर त्याचं नाव सांगायची पद्धत होती. कुणाचा गुडघा, कुणाच्या सासूचा मोतीबिंदू. ते ऐकताना माझं डोकं फिरायचं, कारण आईच्या छातीतली गाठ तपासायला गेली होती आणि मी कुणाला काही बोलले नव्हते. बोललं की ते खरं ठरेल, अशी काहीतरी माझी खुळी समजूत.

रिपोर्टच्या दिवशी मला आईबरोबर हॉस्पिटलला जायचं होतं. "बाबा येतायत ना? मग वरात कशाला? तू ऑफिसला जा," म्हणून तिनेच मला पिटाळलं. मी दार आपटून निघाले.

त्या दुपारी वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीत हप्त्याची मीटिंग होती. मी आमच्या मॅडमबरोबर गेले. मॅडम मूळच्या नगरकडच्या, रिटायर व्हायला आलेल्या, बोलणं अगदी शुद्ध आणि हळू. इतकं हळू की माझा जीव जायचा. मीटिंगचा नियम एकच होता. गटातल्या शेवटच्या बाईचं काम होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एखादीला उशीर झाला की बाकीच्या चटईवर ताटकळत बसायच्या आणि ती आल्यावर तिला फैलावर घ्यायच्या. मला हा नियम म्हणजे निव्वळ छळ वाटायचा.

त्या दिवशी मात्र सगळ्या वेळेवर आल्या होत्या. हप्ते झाले, बायका पदर झटकत उठू लागल्या. मी फोन उलटा ठेवत होते, सुलटा करत होते. गटाची अध्यक्ष इडलीची गाडी लावायची आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"काय गं, कोणाच्या फोनची वाट बघतेस? कोणी हीरो आहे काय?"

सगळ्या हसल्या. मी भडकले. "आईचा रिपोर्ट यायचाय. गाठीचा."

हसू जागच्या जागी थांबलं. अध्यक्षबाई दारापर्यंत गेलेली, ती परत आली आणि चटईवर बसली. "बसा गं सगळ्या. हिचं राहिलंय."

"अहो, मी तुमच्या गटात नाहीये," मी म्हटलं.

"महिनाभर चटईवर बसतेस ना आमच्याबरोबर? मग गप बस."

आणि खरंच सगळ्या बसल्या. कुणाच्या घरी नळाला पाणी यायची वेळ झालेली, कुणाचं पोर झोपेतून उठणार होतं. गाठीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. खोट्या कानातल्यांचे जोड पुठ्ठ्यावर लावायचं काम एकीने बरोबर आणलं होतं, तिने त्यातला ढीग माझ्यापुढे सारला. मी लावलेले सगळे जोड वाकडे. ती ते काढून पुन्हा लावत होती आणि मला शिव्याही घालत होती. त्या शिव्यांनी फार बरं वाटलं. मॅडमनी मला हळूच विचारलं, "पाणी हवंय का बाळा?" वस्तीत प्रार्थना करायची नाही असा संस्थेचा दंडक होता. मॅडम भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. त्या काय करतायत ते मला कळत होतं आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. करा, म्हटलं मनात, जे काय असेल ते करा.

फोन वाजला. बाबा होते.

"हं," ते म्हणाले. पुढे काहीच नाही.

"बाबा? बाबा, बोला ना!" चटईवर कुणी हलेना.

मग खडखड झाली आणि आईचा आवाज आला. "अगं, साधी गाठ आहे. काहीही नाही. रिपोर्ट केव्हाच मिळालाय. मी कळवते म्हटलं तर ऐकेनात, म्हणे लेकीला मीच सांगणार. आणि तेव्हापासून इथे बाकावर बसून रडतायत. लोक बघतायत गं!"

काही नाही अशी मी मान हलवली, तेवढ्यानेच चटईवर गलका उठला. कुणीतरी माझ्या पाठीत धपका घातला. "बाबांना दे," मी कशीबशी म्हटलं.

पलीकडे बाबा नाक ओढत होते, अलीकडे मी. शेवटी आईच मधून ओरडली, "अरे, बोला की कुणीतरी! मी बरी आहे!"